टाइप ९२ : जपानी पायदळाची हलकी तोफ

टाइप ९२ बटालियन तोफ ही जपानी भूसेनेने १९३२ साली स्वीकारलेली ७० मिलिमीटर व्यासाची पायदळी तोफ होय. पायदळाच्या प्रत्येक बटालियनकडे स्वतःची तोफ असावी, तिच्यासाठी तोफखान्याकडे मागणी पाठवून थांबावे लागू नये आणि बटालियनच्याच जवानांनी ती ओढत, प्रसंगी खांद्यावर घेत लढाईच्या जागी न्यावी, या हेतूने तिची रचना झाली. लढाईसाठी मांडलेल्या स्थितीत तिचे वजन सुमारे २१६ किलो भरे. चाकांसह तिची उंची माणसाच्या कमरेच्याही खाली राहत असे. चीन, मलाया आणि न्यू गिनीत जपानी पायदळाने ती वापरली. १९४४ साली मणिपूर आणि नागा टेकड्यांवर चालून आलेल्या जपानी पायदळाच्या रचनेतही तिला नेमलेली जागा होती आणि त्या टेकड्यांत या पायदळाला अडवणाऱ्यांमध्ये मराठा लाइट इन्फन्ट्रीचे जवान होते.

तिच्या नावातला ९२ हा आकडा जपानी राजशकाच्या २५९२ या वर्षाचा, म्हणजे इसवी सन १९३२ चा. त्याआधीच्या जपानी शस्त्रांना सम्राटाच्या राजवटीचे वर्ष लावत. त्यामुळे तैशो राजवटीच्या अकराव्या वर्षी, १९२२ साली, आलेल्या शस्त्रांना टाइप ११ म्हणत आणि मेइजी राजवटीच्या एक्केचाळिसाव्या वर्षाची, १९०८ ची, डोंगरी तोफ टाइप ४१ म्हणून ओळखली जाई. ही दोन्ही नावे पुढे पुन्हा येणार आहेत. सैनिकांच्या बोलण्यात मात्र टाइप ९२ ही नुसती ‘बटालियन तोफ’च होती.

पायदळाबरोबर चालणाऱ्या तोफेची कल्पना जपानने शोधलेली नव्हे. तिचा एक ठळक प्रयोग महाराष्ट्रातच झाला. असई हे गाव जालना जिल्ह्यात आहे. २३ सप्टेंबर १८०३ रोजी कैलना आणि जुई या नद्यांच्या बेचक्यात दौलतराव शिंदे आणि नागपूरकर रघूजी भोसले यांच्या फौजा आर्थर वेलस्लीच्या इंग्रज फौजेशी लढल्या. शिंद्यांचे कवायती पायदळ, म्हणजे कंपू, महादजींच्या काळात द बॉइन या सेनानीने उभे केले होते. त्याच्या रचनेत प्रत्येक पलटणीला स्वतःच्या हलक्या तोफा जोडलेल्या असत. या तोफा मागे वेगळ्या जागी थांबत नसत, पलटणीच्या रांगेतच उभ्या राहत. आग्र्याला सँगस्टर नावाच्या स्कॉटिश कारागिराच्या देखरेखीखाली त्यांतल्या अनेक ओतल्या गेल्या आणि त्यांची घडण युरोपीय तोफांच्या तोडीची होती.

असईला या तोफांनी केलेली हानी वेलस्लीच्या फौजेला फार महाग पडली. त्याचे ठार, जखमी आणि बेपत्ता मिळून दीड हजारांवर लोक पडले. गावाकडे सरकलेली ७४ वी हायलंडर पलटण तर जवळजवळ कापली गेली. इंग्रज रांग तोफांवरून पुढे निघून गेल्यावर तोफांखाली मेल्यासारखे पडून राहिलेले काही गोलंदाज उठले आणि त्यांनी त्याच तोफा मागे फिरवून इंग्रजांच्या पाठीवर मारा केला. एवढी निष्ठा आणि एवढे कौशल्य असूनही शेवटी ९८ तोफा शत्रूच्या हाती गेल्या. तोफ बैलांनी ओढायची आणि लढाईच्या ऐन गर्दीत बैल मागे नेलेले असायचे. पायदळ हटले की तोफ जागीच राहायची. पायदळाला बिलगून राहणाऱ्या तोफेचा सगळा प्रश्न असा वजनाचा आहे. ती माणसांना हलवता आली तर पायदळाची, नाही तर विजेत्याची. सव्वाशे वर्षांनी जपानी अभियंते ज्या कोड्याशी झगडले ते हेच होते. असईचा दाखला त्यांच्यापुढे होता असे नव्हे, पण तोफ आणि पलटण एकत्र बांधली की काय साधते आणि काय अडते हे असईइतके स्वच्छ क्वचितच कुठे दिसते.

एकोणिसाव्या शतकात तोफांचा पल्ला वाढत गेला तशा त्या पायदळाच्या रांगेतून मागे सरकल्या. टेकडीआड उभ्या राहून, न दिसणाऱ्या लक्ष्यावर गणिताने मारा करू लागल्या. १९०४-०५ च्या रशियाविरुद्धच्या युद्धात पोर्ट आर्थरच्या वेढ्यात जपानने याची दुसरी बाजू अनुभवली. रशियन मशिनगनी आणि काँक्रीटचे बुरूज यांच्यावर जपानी पायदळ छातीने धडकत राहिले आणि हजारोंनी मेले. मागच्या अजस्र तोफा बुरूज फोडत होत्या, पण ज्या एका मशिनगनीने समोरची तुकडी जमिनीला खिळवून ठेवली आहे तिला त्याच क्षणी गप्प करणारे काही तुकडीच्या हाती नव्हते. पहिल्या महायुद्धात सगळ्या युरोपने तोच धडा घेतला. फ्रेंचांनी १९१६ मध्ये ३७ मिलिमीटरची एक छोटी खंदकी तोफ काढली. चार माणसांनी उचलावी, खंदकाच्या काठावर ठेवावी आणि मशिनगनीच्या खिडकीत गोळा घालावा, असा तिचा उपयोग होता.

जपानने १९२२ साली या अनुभवावरून एकदम दोन शस्त्रे घेतली. पहिले टाइप ११ ची ३७ मिलिमीटर पायदळी तोफ. वजन शंभर किलोच्या आत, मारा सरळ, गोळा मात्र पाऊण किलोच्याही आतला. मशिनगनीवर थेट बसला तर तिचा निकाल लागे, पण वाळूच्या पोत्यांवर किंवा मातीच्या बांधावर तो फुटला तर मागची माणसे सुखरूप राहत. दुसरे त्याच वर्षाचे ७० मिलिमीटरचे उखळी शस्त्र. ते गोळा उंच उडवून खंदकात टाकी, पण दिसणाऱ्या लक्ष्यावर सरळ नेम धरणे त्याला जमत नसे. एकाचा नेम चांगला आणि घाव दुबळा, दुसऱ्याचा घाव चांगला आणि नेम ढिला. बटालियनला दोन्ही सांभाळावी लागत. दोन प्रकारचा दारूगोळा, दोन प्रकारचे शिक्षण आणि दोन वेगळी पथके हा भार जपानसारख्या मर्यादित कारखानदारीच्या देशाला परवडणारा नव्हता. १९२५ मध्ये युद्धमंत्री उगाकी यांनी चार डिव्हिजनच मोडून वाचलेला पैसा नव्या शस्त्रांकडे वळवला होता. त्या काटकसरीच्या वातावरणात दोन्हींची कामे एकाच तोफेने करावीत असे ठरले आणि टाइप ९२ जन्माला आली.

या तोफेचे पहिले वैशिष्ट्य तिची आखूड नळी. नळीची लांबी व्यासाच्या पावणेनऊ पट, म्हणजे ६२ सेंटीमीटरच्या आसपास. लांब नळीत दारूचा वायू गोळ्याला अधिक काळ ढकलतो, गोळा वेगाने सुटतो आणि दूर जातो. पण लांब नळी जड असते, तिचा झटका मोठा असतो, तो झटका पेलणारा गाडाही जड करावा लागतो. जपानी रचनाकारांनी हे चक्र उलटे फिरवले. पल्ला सोडून दिला, नळी आखूड केली, दारू कमी घातली, झटका कमी झाला आणि त्यामुळे गाड्याचा प्रत्येक भाग हलका करता आला. या तोफेचा कुठलाही भाग पाहिला तरी तो या एका निर्णयातून निघालेला दिसतो. रचनेची इतकी एकसंध तर्कशुद्धता त्या काळच्या अनेक मोठ्या तोफांमध्येही सापडत नाही.

नळीचे मागचे तोंड बंद करण्यासाठी खंडित आट्यांचा खटका होता. पाव वळण दिले की तो बसे आणि पाव वळणात सुटे. झटका शोषणारी यंत्रणा नळीला लागूनच बसवलेली होती. गाड्याच्या मागे दोन पाय होते. प्रवासात ते एकत्र जुळत आणि माऱ्याच्या वेळी फाकवून त्यांची टोके जमिनीत रोवत. पाय असे फाकल्यामुळे गाडा न हलवता नळी डावी-उजवीकडे मिळून सुमारे ४५ अंश फिरवता येत असे. एकच सरळ पाय असलेल्या जुन्या तोफांत हे शक्य नव्हते. तिथे लक्ष्य जरा सरकले की अख्खा गाडा उचलून वळवावा लागे. मशिनगन जागा बदलत असताना तिचा पाठलाग करायचा तर हा फरक निर्णायक ठरतो.

चाकांचा आस वाकडा, कोपरासारखा होता. तो फिरवला की तोफ खाली बसे किंवा वर उचलली जाई. सरळ माऱ्याच्या वेळी ती जमिनीलगत ठेवायची म्हणजे गवतातून तिची ढाल जेमतेम दिसे. उखळी माऱ्याच्या वेळी ती उंच करायची म्हणजे नळी आभाळाकडे उभी केल्यावर तिच्या मागच्या टोकाला मागे येण्यास जागा राही. नळी क्षितिजाखाली काही अंश झुकत असे. ही सोय डोंगरावरून खालच्या वाटेवर मारा करताना अमूल्य होती. वरच्या बाजूला ती ४५ अंशांच्या पुढे जाऊन खऱ्या अर्थाने उखळी तोफ बने. सुरुवातीची चाके लाकडी होती, पुढे ती पोलादी झाली. पोलादी चाकांना बेअरिंग नव्हते. नुसत्या वंगणावर ती फिरत आणि वंगण सुकले की रात्रीच्या शांततेत त्यांचा आवाज लांबवर जाई. समोरची पोलादी ढाल गोळ्या आणि कपच्या अडवण्यापुरती होती आणि वजन कमी करायचे असले की ती काढून ठेवता येत असे.

स्फोटक गोळ्याचे वजन सुमारे ३.८ किलो आणि त्यात जवळजवळ ६०० ग्रॅम स्फोटक. तोफ आणि गोळा दोन्ही इतके लहान असताना हे प्रमाण चांगलेच म्हटले पाहिजे. गोळ्याची कवचनळी त्याच्यापासून वेगळी करता येई आणि आतली दारू भागाभागांनी काढता येई. लक्ष्य जवळ, टेकडीआड असेल तर दारू कमी करून गोळा उंच, सावकाश उडवायचा. लक्ष्य दूर असेल तर पूर्ण दारू ठेवायची. पूर्ण दारूवर गोळा सेकंदाला १९७ मीटर वेगाने सुटे आणि जास्तीत जास्त २,८०० मीटरपर्यंत पोचे. किमान अंतर शंभर मीटरच्या जवळपास होते. याचा अर्थ शत्रूचा खंदक हाकेच्या अंतरावर असतानाही तिचा उपयोग होई. स्फोटक गोळ्यांखेरीज धुराचे गोळेही होते आणि युद्धाच्या उत्तरार्धात रणगाड्यांसाठी पोकळ भाराचा चिलखतभेदी गोळाही आला.

सेकंदाला १९७ मीटर हा वेग ध्वनीच्या वेगाहून बराच कमी आहे. हजार मीटरवरून गोळा सुटला तर तोफेचा आवाज तीन सेकंदांत पोचतो आणि गोळा त्यानंतर दोनेक सेकंदांनी. म्हणजे ज्यांच्यावर मारा होई त्यांना आधी एक बोथट ठोका ऐकू येई आणि खाली पडायला निमिषभर वेळ मिळे. जपान्यांच्या ७५ मिलिमीटर डोंगरी तोफेचा गोळा याच्या उलट ध्वनीच्या पुढे धावे. तिथे स्फोट आधी आणि आवाज नंतर. अनुभवी जवान या फरकावरून समोर कोणती तोफ आहे हे ओळखू शकत.

एका तोफेला दहा जणांचे पथक असे. प्रत्यक्ष मारा करताना पाच जण पुरत. एक नेम धरी आणि तोफ डागी, एक गोळा भरी, एक मागचा खटका उघडमीट करी आणि दोघे पायांवर भार टाकून गाडा स्थिर ठेवत. उरलेले गोळे आणत आणि आळीपाळीने जागा घेत. पथक तरबेज असेल तर मिनिटाला दहा गोळ्यांपर्यंत मारा होई. सपाट रस्त्यावर एक घोडा तोफ ओढी. रस्ता संपला की ती सुटी करून जनावरांवर लादायची आणि जनावरेही थांबली की माणसांनी घ्यायची. नळी, गाडा, चाके, पाय आणि ढाल वेगळे होत. वाटणी केली तर तोफेचा भार पथकातल्या प्रत्येकाला वीस-बावीस किलो पडतो. त्यावर रायफल, शिधा आणि दारूगोळा आलाच. शंभर गोळ्यांचे नुसते वजन ३८० किलो भरते, तोफेपेक्षाही जास्त. हलक्या तोफेच्या बाबतीत हे सहसा विसरले जाते. तोफ डोंगरावर नेणे हे अर्धेच काम, तिला खाऊ घालणे हे त्याहून मोठे.

बटालियनमध्ये साधारणपणे अशा दोन तोफांची एक तुकडी असे. ती बटालियनच्या मुख्याच्या थेट हुकमात राही. तिच्या वर रेजिमेंटकडे टाइप ४१ च्या चार डोंगरी तोफा आणि रणगाडाविरोधी ३७ मिलिमीटर तोफा असत आणि त्यांच्याही वर डिव्हिजनचा तोफखाना. इंग्रज पद्धतीत पुढच्या कंपनीला तोफांचा मारा हवा असेल तर तोफखान्याचा निरीक्षक सोबत असावा लागे, बिनतारी संच चालू असावा लागे आणि मागे तोफा मोकळ्या असाव्या लागत. ही साखळी जुळली की तिचा मारा प्रचंड असे. जपानी भूसेनेकडे बिनतारी संच थोडे आणि तोफांचे गोळेही थोडे. त्या उणिवेवर तिने काढलेला उपाय म्हणजे तोफ थेट त्या माणसाच्या हाती देणे, ज्याला समोरचा अडथळा डोळ्यांनी दिसतो आहे. गरिबीतून निघालेला उपाय असला तरी जंगलात तो अनेकदा श्रीमंतांच्या पद्धतीपेक्षा चपळ ठरला.

इतर देशांच्या तोफा शेजारी ठेवल्या की टाइप ९२ चे वेगळेपण लक्षात येते. जर्मनीची ७५ मिलिमीटरची हलकी पायदळी तोफ चारशे किलोंची होती, तिचा गोळा सहा किलोंचा आणि पल्ला साडेतीन हजार मीटर. सोव्हिएत संघाची १९२७ ची रेजिमेंटची ७६ मिलिमीटर तोफ याच्याही दुपटीच्या घरात जाई. हिंदुस्थानी फौजेच्या डोंगरी बॅटऱ्यांकडे ३.७ इंची हॉवित्झर होती. तिचे वजन सातशे किलोंवर. ती आठ खेचरांवर लादली जाई आणि नऊ किलोंचा गोळा पाच किलोमीटरहून दूर टाकी. या सगळ्यांत टाइप ९२ सर्वांत दुबळी आणि सर्वांत हलकी. ज्या वाटेवर खेचर जात नाही तिथे सातशे किलोंची तोफ कितीही श्रेष्ठ असली तरी ती नाहीच, एवढे मात्र हे आकडे सांगत नाहीत.

तिच्या मर्यादाही खऱ्या होत्या. मंद गतीचा साधा गोळा रणगाड्याच्या चिलखतावर निष्प्रभ ठरे आणि हलत्या लक्ष्यावर नेम धरणे अवघड जाई. सरळ मारा करायचा तर तोफ शत्रूच्या नजरेत आणावी लागे. मग तीन इंची उखळी तोफा आणि मशिनगनी तिच्या पथकावर तुटून पडत. आणखी गंभीर स्पर्धक जपानच्याच शस्त्रागारात होता. १९३७ साली आलेली टाइप ९७ ची ८१ मिलिमीटर उखळी तोफ अवघी ६७ किलोंची होती. तिचा गोळा सव्वातीन किलोंचा आणि पल्ला जवळजवळ तितकाच, २,८०० मीटरच्या आसपास. म्हणजे उंच उडवून मारा करण्याचे काम एक तृतीयांश वजनात होऊ लागले. बटालियन तोफेकडे उरले ते फक्त सरळ माऱ्याचे काम, म्हणजे बंकरच्या फटीत किंवा मशिनगनीच्या मोर्चात गोळा घालणे. ते उखळी तोफेला जमत नाही आणि जंगलातल्या लढाईत तेच काम सर्वांत जास्त निघते. त्यामुळे टाइप ९२ शेवटपर्यंत टिकली. तिचे एकंदर उत्पादन तीन हजारांच्या घरात झाले असे मानले जाते.

१९३७ नंतरच्या चीनमधल्या युद्धात तिने आपली जागा पक्की केली. तटबंदीच्या गावांवर, नदीकाठच्या मोर्चांवर ती पायदळासोबत पुढे ढकलली जाई. १९३९ मध्ये मंगोलियाच्या सरहद्दीवर नोमोनहान येथे सोव्हिएत रणगाडे आणि लांब पल्ल्याच्या तोफा यांच्यासमोर मात्र तिचा तोकडेपणा उघडा पडला. सपाट गवताळ माळावर २,८०० मीटरचा पल्ला म्हणजे शत्रूच्या तोफांपर्यंत हातच न पोचणे. डोंगर आणि जंगल हेच तिचे खरे क्षेत्र. १९४२ साली न्यू गिनीत कोकोडा वाटेने जाणाऱ्या जपानी तुकड्यांनी डोंगरी आणि पायदळी तोफा माणसांच्या बळावर ओवेन स्टॅनली पर्वतात चढवल्या. समोरच्या ऑस्ट्रेलियन जवानांकडे त्या टप्प्यावर एकही तोफ नव्हती. दुबळी तोफ आणि तोफच नसणे यांतले अंतर तिथे माणसांच्या जिवांनी मोजले गेले.

मराठी माणसांशी या तोफेच्या इतिहासाचा संबंध मणिपुरात येतो. मार्च १९४४ मध्ये जनरल मुतागुची यांच्या पंधराव्या सेनेने इंफाळ आणि कोहिमावर चढाई केली. जनरल सातो यांची ३१ वी डिव्हिजन १५ मार्चच्या सुमारास चिंडविन नदी ओलांडून पायवाटांनी कोहिमाकडे निघाली. या मार्गावर मोटारीचा रस्ता नव्हता. तीन आठवड्यांचा शिधा, बैलांचे कळप आणि जितके वाहता येईल तितकाच दारूगोळा एवढ्यावर ही चढाई बेतलेली होती. जड तोफा मागे ठेवाव्या लागल्या. डिव्हिजनच्या हाताशी राहिल्या त्या डोंगरी तोफा आणि पायदळाची स्वतःची हलकी शस्त्रे. टाइप ९२ ज्या परिस्थितीसाठी घडवली होती ती नेमकी हीच. तिच्या रचनेच्या मुळाशी असलेले गणित इथे कसाला लागले.

या वाटेवर उखरूलच्या दक्षिणेला सांगशाक नावाचे तांगखुल नागांचे गाव आहे. तिथे ब्रिगेडियर होप-टॉमसन यांची ५० वी हिंदुस्थानी पॅराशूट ब्रिगेड २२ मार्चला जेमतेम एकत्र झाली. तिच्यात १५२ वी हिंदुस्थानी आणि १५३ वी गुरखा पॅराशूट बटालियन, नेपाळच्या काली बहादूर रेजिमेंटचे जवान, झेलम डोंगरी बॅटरी आणि लेफ्टनंट कर्नल ट्रिम यांच्या हुकमतीखालची पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीची चौथी बटालियन होती. मराठे त्या टापूत आधीपासून होते. मूळच्या २३ व्या डिव्हिजनमधून ते या ब्रिगेडला जोडले गेले. बेळगावच्या केंद्रात तयार झालेल्या आणि सातारा, कोल्हापूर, रत्नागिरीकडच्या गावांतून भरती झालेल्या या पलटणीचा सामना मेजर जनरल मियाझाकी यांच्याबरोबर आलेल्या ५८ व्या रेजिमेंटशी झाला.

सांगशाकची जागा बचावाला वाईट होती. माती थोडी आणि खाली लगेच खडक. त्यामुळे खंदक पुरेसे खोल खणता आले नाहीत, काटेरी तारा नव्हत्या, पाणी अपुरे होते. विमानांनी टाकलेल्या दारूगोळ्याचा आणि पाण्याचा मोठा भाग वाऱ्याने आणि जागेच्या चिंचोळेपणामुळे जपान्यांकडे जाऊन पडे. जपान्यांनी २२ मार्चच्या संध्याकाळी तोफांची वाट न पाहता पहिला हल्ला चढवला आणि तो रक्तबंबाळ होऊन मागे फिरला. पायदळाला तोफेवाचून मशिनगनींवर सोडले की काय होते हे पोर्ट आर्थरनंतर चाळीस वर्षांनी त्याच सेनेला पुन्हा दिसले. मग तोफा येऊन पोचल्या. उथळ खंदकांतल्या जवानांवर मारा सुरू झाला आणि लढाईचे पारडे हळूहळू झुकू लागले. जिथे खंदक छातीइतका खोल नाही तिथे चार किलोंचा गोळाही मोठ्या तोफेच्या गोळ्याइतकाच घातक असतो, खडकावर फुटला तर कपच्यांमुळे अधिकच. उलट बाजूला झेलम बॅटरीच्या हॉवित्झरनी अगदी जवळून, उघड्या नेमाने जपानी रांगांवर गोळे टाकले.

२६ मार्चला गावातल्या मिशनच्या चर्चभोवती दिवसभर हातघाई झाली. जागा जपान्यांनी घेतली, ब्रिगेडने परत मिळवली, पुन्हा गमावली. त्या संध्याकाळी बाहेर पडण्याचा हुकूम आला आणि उरलेले जवान रात्री अंधारात दक्षिणेकडून निसटून जंगलातून इंफाळच्या दिशेने गेले. ब्रिगेडची हानी सहाशेच्या घरात होती, जपानी रेजिमेंटचीही शेकड्यांत. पण या चार-पाच दिवसांत ५८ वी रेजिमेंट सांगशाकला अडकून पडली आणि कोहिमा आणि इंफाळला तयारीसाठी मिळालेले ते दिवस पुढे फार मोलाचे ठरले. मराठा, गुरखा, पंजाबी, नेपाळी जवानांनी खडकावर पडून दिलेल्या या झुंजीची दखल कित्येक वर्षे नीट घेतली गेली नाही. कोहिमाच्या कीर्तीच्या सावलीत ती झाकली गेली. तिचे मोल खूप मोठे आहे आणि महाराष्ट्राच्या शाळांतील इतिहासात तिला जागा मिळायला हवी.

कोहिमासमोर सातोंच्या डिव्हिजनची ताकद एप्रिल आणि मे महिन्यांत आटत गेली. तोफा होत्या, पण गोळे संपत आले. चिंडविनपासून कोहिमापर्यंत प्रत्येक गोळा माणसाच्या किंवा बैलाच्या पाठीवरून यायचा होता आणि पाऊस सुरू झाल्यावर तेही थांबले. दुसऱ्या बाजूला हिंदुस्थानी आणि ब्रिटिश तोफखान्याला दिमापूरच्या रेल्वेवरून हजारो गोळे मिळत होते. जपानी बंकर फोडण्यासाठी तर रणगाडे टेकड्यांवर चढवले गेले. सातो यांनी वरिष्ठांचा हुकूम मोडून मे अखेर माघार सुरू केली. या मोहिमेत सुमारे ३०,००० जपानी सैनिक मेले, त्यांतले बरेच भुकेने आणि रोगाने. चिखलाने भरलेल्या वाटांवर त्यांनी तोफा टाकून दिल्या. दोनशे किलोंची तोफ धडधाकट दहा जण उचलतात, उपाशी आणि हिवतापाने खंगलेल्या दहा जणांना ती असईच्या बैल नसलेल्या तोफांइतकीच जड होती.

मराठा पलटणींचा जपानी शस्त्रांशी संबंध युद्ध संपल्यावरही लगेच सुटला नाही. ऑक्टोबर १९४५ मध्ये २३ व्या डिव्हिजनची ४९ वी ब्रिगेड जावा बेटावरच्या सुराबाया बंदरात उतरली. तिच्यातही मराठे होते. तिथे जपानी कोठारांतली शस्त्रे इंडोनेशियाच्या स्वातंत्र्यसैनिकांच्या हाती गेली होती आणि त्यांच्याशी झालेल्या लढाईत ब्रिगेडचा मुख्य मॅलबी ३० ऑक्टोबरला मारला गेला. एका वसाहतीच्या फौजेतील मराठी जवान दुसऱ्या वसाहतीच्या स्वातंत्र्याविरुद्ध उभे केले गेले, ही त्या युद्धाच्या शेवटाची दुःखद बाजू आहे.

टाइप ९२ तोफाही जपानच्या शरणागतीनंतर अनेकांच्या हाती गेल्या. चीनमध्ये त्या राष्ट्रवादी आणि साम्यवादी दोन्ही सेनांनी यादवी युद्धात वापरल्या. कोरियाच्या युद्धात चिनी तुकड्यांनी आणि इंडोचीनमध्ये व्हिएत मिन्हने फ्रेंचांविरुद्ध त्या चालवल्या. रस्ते नसलेल्या डोंगरांत, वाहनांवाचून लढणाऱ्या सैन्याला हलकी तोफ जपानइतकीच उपयोगी पडली. १९५० नंतर मात्र खांद्यावरून किंवा हलक्या तिवईवरून डागता येणाऱ्या झटकारहित तोफा आणि रॉकेटे सर्वत्र आली. बंकरच्या फटीत गोळा घालण्याचे जे एकमेव काम बटालियन तोफेकडे उरले होते तेही त्यांनी तिच्या चौथाई वजनात करून दाखवले. उंच माऱ्यासाठी ८१ मिलिमीटर उखळी तोफ आधीच होती. या दोघींच्या मध्ये चाकांच्या पायदळी तोफेला जागा उरली नाही आणि नव्या रचनेची अशी तोफ पुढे कोणत्याही मोठ्या सैन्याने घेतली नाही. उरलेल्या टाइप ९२ आज बीजिंगच्या लष्करी संग्रहालयात, ऑस्ट्रेलियाच्या युद्धस्मारकात आणि इतर संग्रहांत आहेत.